गाझियाबादची काल्पनिक सासू

आधी कप खाली ठेवा. गंमत नाही करत, खरंच ठेवा! मागच्या वेळी हे सांगताना माझ्या बहिणीला असा ठसका लागला, की तिची पाठ चोळता चोळता गोष्ट अर्धीच राहिली. तसं हा घोटाळा अर्धा सांगितला तर माझी थोडीफार अब्रू शिल्लक राहते. पूर्ण सांगितला की काहीच राहत नाही. पण तुम्ही काय सोडताय थोडंच!

तर झालं असं, की चाळिशी उलटल्यावर मला पीएचडीची हौस आली. लोक या वयात योगा करतात, गच्चीवर टोमॅटो लावतात. मी संवादशास्त्राला जाऊन भिडले. विषय काय, तर दिल्लीतल्या मराठी घरांत सासू-सुना एकमेकींना काय बोलत नाहीत. बोलतात ते नव्हे हं! बोलतात ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं, त्याला पीएचडी कशाला लागते? जे ओठांपर्यंत येऊन परत पोटात जातं, ते मला शोधायचं होतं.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका काढायची सवय. म्हणाला, "जे कुणी बोललंच नाही ते तू ऐकणार कसं?"

म्हटलं, "तेच तर शास्त्र आहे. तुझ्या फायलीत नाही सापडायचं."

मग काय विचारता! द्वारकेहून मेट्रो पकडायची, आज नोएडा, उद्या फरिदाबाद. सासवांसमोर बसायचं आणि आधीच वचन द्यायचं, "काकू, तुमचं नाव कुठेही येणार नाही. जीव गेला तरी सांगणार नाही." एवढं म्हटलं ना, की धरणाचे दरवाजे उघडलेच म्हणून समजा. पोहे गार व्हायचे, पण काकू थांबायच्या नाहीत.

त्यात एक बाई भेटल्या. नाव सांगणार नाही. नाही म्हणजे नाही! तशा बघू नका माझ्याकडे, वचन दिलंय. आपण त्यांना नुसतं 'बाई' म्हणू. तर या बाई म्हणजे सोन्याची खाण.

"सून चहा करते, तो चहा नसतो गं, गरम दूध असतं. पण मी रोज म्हणते, छान झालाय. कारण खरं बोलले तर उद्यापासून तेवढाही मिळायचा नाही."

"माझ्या आईचा तांब्या होता. तिनं त्यात मनीप्लांट लावला. आल्यागेल्याला दाखवते, अँटिक पीस म्हणून. मीही उभी असते शेजारी."

अहाहा! मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, वैशाली, हो तू डॉक्टर!

आता माझ्या गाइड मॅडम. लखनौच्या, अत्यंत शिस्तीच्या. संशोधनातल्या नीतिमत्तेवर त्यांचा इतका जोर, की त्यांच्यासमोर मी शिंकतानासुद्धा परवानगी मागते. त्यांनी माझं लिखाण वाचलं आणि चष्मा काढला.

"वैशालीजी, सिर्फ नाम बदलने से क्या होगा? शहर बदलिए, नौकरी बदलिए, घर-बार सब बदल डालिए. कोई पहचान ना पाए."

एवढंच ना? बिल्कुल! शाळेत असताना निबंधात मी काश्मीरची सहल लिहिली होती, तीही घरात बसून. मी कामाला लागले. बाईंना उचलून गाझियाबादला नेऊन ठेवलं. टपाल खात्यातून निवृत्त केलं. मुलाला विमान कंपनीत चिकटवलं. नवरा चांगला धडधाकट होता हो, पण त्यालाही दिवंगत केलं. बाईंना हार्मोनियमच्या शिकवण्या घ्यायला बसवलं. आणि मग तर मला चेवच चढला. ऑपरेशन करून त्यांचा उजवा गुडघाही बदलून टाकला!

आता ओळखा म्हणावं कोण ओळखतंय ते.

आणि तेवढ्यात मराठी मंडळाचा महिला मेळावा आला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये. मंडळाच्या बायका मला म्हणाल्या, तुमच्या संशोधनावर बोला. मी कसली नको म्हणतेय! इरकल नेसले, माइक हातात घेतला आणि सुरू.

"गाझियाबादच्या एक सासूबाई," मी म्हटलं. "टपाल खात्यातून निवृत्त. यजमान नाहीत. घरी हार्मोनियम शिकवतात."

पुढच्या रांगेतल्या एकदोघींनी मागे वळून बघितलं.

"मुलगा विमान कंपनीत."

आणखी डझनभर माना वळल्या. मला वाटलं, काय रंगल्यात बायका! शेजारणीला दाद देतायत. माझा आवाज चढला.

"आणि नुकताच उजवा गुडघा बदललाय."

आता अख्खा हॉल वळला होता. माझ्या समोर नुसते गजरे आणि अंबाडे. पण मी थांबले का? छे! मी तर नकला करून दाखवल्या. चहाची केली, तांब्याची केली. 'छान झालाय' तर असं काही म्हटलं, की टाळ्या पडल्या. मूर्खपणाला काही मर्यादा असते म्हणतात. माझ्या बाबतीत तरी दिसली नाही.

भाषण संपलं आणि मागच्या बाजूला एक मुलगी उभी राहिली. तिशीची, नाकाचा शेंडा लाल.

"दीदी, एक सवाल है."

"जरूर, जरूर!" मी खूश. पहिलाच प्रश्न!

"मम्मीने ये सब आपको कब बोला?"

आणि तिच्या शेजारी, काठी धरून, उजवा पाय पुढे लांब केलेल्या सुमनकाकू! राहणार गाझियाबाद. यजमान नाहीत. टपाल खात्यातून निवृत्त. हार्मोनियमच्या शिकवण्या. मुलगा विमान कंपनीत. आणि ही त्यांची सून पूजा, कानपूरची. सासूसाठी मराठी शिकलेली पोरगी, समजायचं सगळं, बोलायची हिंदीत. त्या दिवशी सासूला मेळाव्याला न्यायचं म्हणून ऑफिसातून रजा काढून आली होती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. काकू तर भांबावूनच गेल्या होत्या.

"अगं, मी हिला कधी काही सांगितलं नाही! मागे मंडळाच्या गणपतीत शेजारी बसली होती तेवढीच. गुडघ्याचं विचारत होती, म्हणून ऑपरेशनचं सांगितलं. मुलाचं, पेन्शनचं..."

अरे देवा! तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी जिला कल्पनाशक्ती समजत होते, ती नुसती स्मरणशक्ती होती. एक अख्खी जिवंत बाई डोक्यात जाऊन बसली होती, आणि मी तिला नवनिर्मिती म्हणून बाहेर काढली होती!

"पूजा, सुनो," मी माइकवरच म्हटलं, "ये काकू नहीं हैं. ये काल्पनिक हैं."

"तो ये बातें भी झूठी हैं?"

आता सांगा, काय म्हणायचं? हो म्हटलं तर पीएचडी बुडाली. "नहीं, बातें तो बिल्कुल सच्ची हैं."

"तो किसने बोलीं?"

"वो मैं नहीं बता सकती."

हॉलमध्ये "हंऽऽ" असा एक आवाज फिरला. यापेक्षा मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

काकू बिचाऱ्या सुनेचा हात धरून म्हणाल्या, "बेटा, मला तुझा चहा आवडतो. खरंच आवडतो. थोडं दूध जास्त असतं, पण..."

संपलं! जी काही शंका उरली होती तीही गेली. पूजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मम्मी, मुझे बोल देते ना. पूरे हॉल को बोल दिया, मुझे नहीं बोला." आणि मग एकदम थंड आवाजात म्हणाली, "ठीक है. गुडगांव वाले घर में हम दोनों चले जाएंगे. आप यहीं रहिए. आराम से अपनी चाय बनाइए."

पुढच्याच महिन्यात तिघं मिळून गुडगावच्या नव्या घरात जाणार होते, हे मला मंडळातल्या एकीनं कानात सांगितलं. काकूंनी म्हणे हार्मोनियमसाठी खिडकीजवळची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. त्या नुसती काठीची मूठ दाबत बसल्या. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की काय सांगू! म्हाताऱ्या बाईचं घर मोडायला निघाले होते मी, तेही नीतिमत्ता पाळून.

आणि तिसऱ्या रांगेत कोण बसलं होतं माहितेय? बाई! खऱ्या बाई! जिचं हे सगळं बोलणं, ती! साबुदाणा वडा खात, मोठ्यानं म्हणते कशी, "मी म्हणते, घरातलं बाहेर सांगताना काही वाटत कसं नाही अशा बायकांना?"

मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि मिटलं. वचन, यार, वचन!

पळत बाहेर गेले, गाइड मॅडमना फोन लावला.

"मॅडम, इमर्जन्सी है! एक बेकसूर सास फंस गई है. असली वाली सामने बैठकर वडा खा रही है. नाम बता दूं?"

"बिल्कुल नहीं!"

"तो काकू का क्या होगा?"

"वैशालीजी, गलती रिसर्चर की है. जिम्मेदारी भी रिसर्चर अपने ऊपर ले." आणि फोन ठेवला.

अपने ऊपर? अच्छा! माझ्या डोक्यात वीज चमकली. तशीच आत गेले, माइक ओढला.

"मैत्रिणींनो, एक कबुली द्यायची आहे. हे बोलणं सुमनकाकूंचं नाही. ते माझ्या सासूबाईंचं आहे. आणि गरम दूध पाजणारी, तांब्यात मनीप्लांट लावणारी सून म्हणजे मी. लाजेपोटी मी ते गाझियाबादवर ढकललं."

आता मला वाटलं होतं, खळबळ माजेल. कुणीतरी म्हणेल, 'छे छे वैशाली, तू अशी नाहीस!' निदान एखादी तरी चुकचुकेल.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग एकमुखानं, "अच्छाऽऽ!"

"तरीच!"

"मी प्यायलेय हिच्याकडे चहा."

"तांब्या नाही, पण घंगाळात छत्र्या ठेवलेल्या मी स्वतः बघितल्यात!"

काकूंवर विश्वास ठेवायला त्यांना केवढे पुरावे लागत होते! माझ्या बाबतीत एकीनंही प्रश्न विचारला नाही. मी खोटं बोलत होते हो, आणि आयुष्यात एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

पण काम झालं. पूजानं तिथंच काकूंच्या गळ्यात हात टाकले. "सॉरी मम्मी. आप चल रहे हो हमारे साथ, बस." काकू रडल्या, हसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पण बेटा, चहात दूध जरा..." "कल से कम, मम्मी." घ्या! जे वर्षानुवर्षं पोटात होतं ते सगळ्यांदेखत बाहेर आलं आणि कुणाला काही झालंही नाही.

निघताना बाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. दंडाला चिमटा काढून म्हणाल्या, "बरं झालं गं, माझं काही घेतलं नाहीस त्यात. मी आपली धाकधूक करत होते." आता हसावं की रडावं?

पण खरा प्रश्न पुढेच होता. आमच्या आई, म्हणजे मिलिंदच्या आई, आमच्याकडेच असतात द्वारकेला. त्या दिवशी कंबर धरली होती म्हणून मेळाव्याला आल्या नव्हत्या. स्वभावानं एकदम अबोल. कधी तक्रार नाही, कधी कुरकुर नाही. मी तर चारचौघांत मिरवायचे, आमच्या घरी बाई तसलं काही नाहीच! आणि अशा देवमाणसावर मी भर सभेत आळ घेतला होता. ठरवलं, घरी जाऊन आधी पाय धरायचे, कुणाचा फोन यायच्या आत.

कसलं काय! माझी मेट्रो करोल बागेत पोहोचायच्या आत बातमी द्वारकेत पोहोचली होती.

दार मिलिंदनं उघडलं. हळूच म्हणाला, "आई आत आहे. मी जरा दूध आणायला जातो."

"दूध आहे घरात!"

"तरी जातो."

गेला! हे असले नवरे. मी आत गेले. आई पलंगावर ताठ बसल्या होत्या, शेजारी फोन. मी खालीच बसकण मारली.

"आई, चुकले हो मी. एका गरीब बाईचं घर वाचवायला खोटं बोलले. तुम्ही यातलं अक्षरही बोलला नाहीत, मला माहितेय."

"नाहीच बोलले," आई म्हणाल्या.

"तेच ना! मी उद्याच सगळ्यांना फोन करून..."

"थांब जरा. चहाचं मी बोलले नाही. भांड्यांचं बोलले नाही. मिलिंदजवळसुद्धा नाही. देवापुढे म्हटलं तर तेही मनात." माझ्याकडे त्या नवल वाटल्यासारखं बघत राहिल्या. "आणि तू सांगितलंस ते तर सगळं बरोब्बर आहे. तुला कळलं कसं?"

म्हटलं, "आई... ते... संशोधनातून."

"अगं बाई! आणि त्यासाठी तू नोएडा-फरिदाबाद पालथं घातलंस?" आई म्हणाल्या. "मी इथंच होते की गं, शेजारच्या खोलीत!"