पायाखोदाईच्या ओळीवर अडलेली फाईल

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला भरवसा नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर सांभाळून घ्यावं.

धुळ्यात आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला तो माझ्या भावाच्या पैशांनी. अमळनेरजवळ त्याचं शेत. विहिरीवर मोटार बसवायला ठेवलेले पैसे यांनी मागून आणले. वर्षात फेडतो म्हणाले. वर्ष गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी झोके घ्यायला गेल्या. मी ताप आहे असं कळवून घरीच राहिले. भावजय मागे हसत म्हणाली होती, "अक्का, तुमचा टीव्ही विहिरीचं पाणी कधी काढणार?"

यांचं काम म्हणजे ठेकेदारांच्या कामांचं वेळापत्रक कॉम्प्युटरमध्ये भरायचं. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, खर्च किती. पिंपळनेरकडच्या एका बंधाऱ्याचं काम मिळालं. जळगावच्या ऑफिसला ते रकान्यांच्या तक्त्यात, फ्लॉपीवर हवं होतं; पुरा तक्ता मिळाल्याशिवाय ते पैसे देणार नव्हते. त्यासाठी यांनी कॉम्प्युटरला हुकूम लिहून ठेवले होते. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करून एंटर दाबलं की एकेक ओळ तक्त्यात जायची. हे साइटवर गेले की ते काम माझ्याकडे. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी ओळखायचे.

फ्लॉपी एसटीने जळगावला जायची. मग शेजारच्यांच्या फोनवर तिथला क्लार्क म्हणायचा, "वहिनी, अर्धंच आलंय." पुन्हा तेच करायचं. मधेच वीज गेली की परत पहिल्यापासून. हे घरी येऊन विचारायचे, "कुठलं बटण दाबलंस?" मी काय सांगणार? शब्द तोच, बोट तेच. तक्ता दर वेळी 'साहित्य आणणे' या ओळीवर थांबायचा. त्या डब्यात वरवंटा घालावासा वाटायचा.

शेवटी एकदा त्या बंधाऱ्याचे ठेकेदार आबा घरी आले. यांनी कागद पुढे केला. "आबा, पुढची ओळ पायाखोदाईची. तिथंच अडतं."

"ती तारीख मीच कोरी ठेवाले सांगं व्हतं," आबा बशीत चहा ओतत म्हणाले. "पित्तरपाटामा कोनी पाया खंदस का भो?"

"मग घटस्थापनेची टाकायची."

"तू इचारं का?"

यांनी कागदावरच्या त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. पितृपक्षामुळे सोडलेला तो रिकामा रकाना दिसला की यांच्या हुकुमांना यादी संपली असं वाटत होतं. घटस्थापनेची तारीख भरली, मी शब्द टाइप केला, आणि ओळी पार शेवटच्या, उतारावर दगड बसवायच्या पिचिंगपर्यंत गेल्या. मला कुणी काही म्हणालं नाही. बटणाबद्दलही नाही.

जळगावहून पैसे आले. त्यात पुढच्या कामांचे घालत गेलो. नंतरच्या आखाजीला आम्ही दोघं अमळनेरच्या एसटीत बसलो. भावाने नोटा न मोजता भावजयीकडे दिल्या. तिने मात्र ओट्यावर बसून मोजल्या.

"बठ्ठा पैसा उनात, अक्का," ती म्हणाली.

सगळे फिटले.