शेपटाच्या वाट्याचं तळं

त्याला सगळे शेपूट म्हणत. तोंडावर ‘काका’ आणि पाठ फिरली की शेपूट. त्याला ते माहीत होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हौशी लोकांना मोटरसायकलींवरून डोंगरात फिरवून आणणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो गेली अठरा वर्षं सगळ्यात मागची गाडी चालवत होता. पुढे म्होरक्या, मध्ये गिऱ्हाइकं, शेवटी हा. कुणाची गाडी बंद पडली, कुणाची बॅग सुटली, कुणाला घाटात मळमळलं, की तिथे थांबायचं, निस्तरायचं आणि माणूस पुन्हा रस्त्याला लावायचा. काहीही झालं तरी कुणाच्या पुढे जायचं नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम त्याहून वाईट. प्रत्येक थांब्यावर म्होरक्या आणि मंडळी आधी पोचत, हेल्मेटं काढत, फोटो काढत, पाय मोकळे करत. शेपूट आलं की म्होरक्या गळ्यातली शिट्टी वाजवायचा. शेवटचा आला म्हणजे सगळे आले, आता पाच मिनिटांत निघायचं. त्या पाच मिनिटांत शेपटाने सगळ्यांच्या साखळ्या बघायच्या, सामानाचे पट्टे आवळायचे, टायर दाबून बघायचे. कंपनीच्या रंगीत पत्रकात ‘चुकवू नयेत अशी सात ठिकाणं’ छापलेली होती. त्यातली सहा त्याने साखळीला तेल देता देता, तिरक्या डोळ्याने पाहिली होती. सातवं तेवढंही नाही.

सातवं म्हणजे खिंडीवरचं तळं. ते रस्त्यावरून दिसत नाही. खिंडीत गाडी लावायची आणि लाल मातीचं टेकाड चढायचं, दहा मिनिटं. तळं पलीकडच्या अंगाला. बरं, तेही सकाळीच. अकरा वाजले की खालून ढग चढतात आणि सगळं गिळून टाकतात. आता पाच मिनिटांत दहा मिनिटांचं टेकाड कसं चढायचं, हे कंपनीने कुठे छापलं नव्हतं.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर बायकोने विचारलं होतं, “तळं कसं आहे हो?” बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून राबायची आणि स्वतः दुकान ते घर एवढंच बघायची. तिला ‘मी वर गेलोच नाही, खाली नट आवळत होतो’ असं सांगायची त्याला लाज वाटली. एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेल्यात पदरचं घालून त्याने ठोकून दिलं. निळंशार पाणी, मधोमध बेट, बेटावर एकच झाड. झालं. दर हंगामाला बायको विचारायची, “झाडाला पालवी आली का?” हा सांगायचा, “आली.” एका वर्षी त्याने त्या झाडावर बगळेही बसवले.

तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी एकटा जाऊन का नाही आला? घरची स्कूटर गावातल्या चढावरही धापा टाकायची. कंपनीची गाडी परत आली की कुलपात. बर्फ पडला की खिंड बंद. आणि कामाच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी कोण जातं? अशी कारणं त्याच्याकडे पोत्याने होती. नियमावर बोटं मोडायची आणि नियम पाळायचा, हा त्याचा स्वभावच झाला होता. लग्नकार्यात हा शेवटच्या पंगतीला. घरातून सगळे बाहेर पडले की कुलूप लावून हा शेवटी. मुलगी लहान असताना बागेत पुढे धावायची, बायको मधे, आणि हा मागून डोकी मोजत यायचा. दोनच डोकी, पण मोजायचा.

या हंगामाच्या शेवटी मालकाने सांगून टाकलं. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक गाडीला एक डबी बसणार, कोण कुठे आहे ते म्होरक्याला मोबाईलवर दिसणार. मागे माणूस कशाला? शेपटाला गोदामात सुट्या भागांचं काम मिळणार होतं. अठरा वर्षं सगळ्यांच्या मागे राहिलेला माणूस एका डबीने मागे टाकला.

त्याने मूग गिळले. एकच मागितलं. शेवटच्या फेरीला बायकोला मागे बसवून नेतो आणि तळ्यापाशी मला वीस मिनिटं द्या. म्होरक्या त्याच्या निम्म्या वयाचा, साखळी कशी ताणायची ते यानेच त्याला शिकवलेलं. तो म्हणाला, “बघू काका.” ‘बघू’ या शब्दाचा अर्थ शेपटाला चांगला कळत होता. तरी त्याने बायकोला सांगितलं की ठरलं.

सकाळी साडेसहाला डोंगराच्या पायथ्याच्या लॉजमधून आठ गाड्या निघाल्या. पुढे म्होरक्या, मग सहा गिऱ्हाइकं, शेवटी हे दोघं. मुलीचं जाकीट घालून बायको मागे बसली होती. ते तिला दंडात घट्ट होत होतं. पण ती खूश होती, आणि ती जितकी खूश तितकी याला धास्ती. बेट नसलं तर? झाड नसलं तर?

त्यांच्या पुढे एक दातांचे डॉक्टर होते. गाडी नवीकोरी, म्हशीएवढी. हेल्मेटवर कॅमेरा. आणि वळण आलं की डॉक्टर असे ब्रेक दाबायचे जसं काही रस्ता तिथे संपतोय. वळण संपलं की उताणं पडायची वेळ येईल इतका वेग, पुढचं वळण आलं की पुन्हा बैलगाडी. शेपूट मागून दात खात होता. दातांच्या डॉक्टरमागे दात खायची वेळ यावी, यालाही त्याला हसू आलं नाही.

धबधब्यापाशी पोचले तेव्हा मंडळी ओल्या केसांनी परत येत होती. बायको उतरली, हेल्मेटचा पट्टा सोडवू लागली, तोवर शिट्टी.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं,” तो म्हणाला आणि साखळ्या बघायला गेला.

दगडी पुलावर तेच. चहाच्या टपरीवर यांचा चहा कपात पडला तेव्हा बाकीच्यांनी बिस्किटांचे चुरे झटकले होते. बायकोने गरम चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला.  ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, म्होरक्याच्या शिट्टीकडे, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा शिट्टीकडे. चष्म्याचा नंबर तपासावा तसं.

“तळ्यापाशी वीस मिनिटं आहेत आपल्याला,” त्याने उगाच सांगितलं.

“हो ना, ठरलंय ना,” ती म्हणाली.

खिंड पाच किलोमीटरवर राहिली आणि एका उभ्या वळणावर डॉक्टर पडले. पडले म्हणजे काय, जवळजवळ उभ्या जागी. वेग नाही, काही नाही. बारीक खडीवर पाय टेकला, पाय घसरला, म्हैस आडवी झाली. डॉक्टरांना खरचटलंही नाही. क्लचचा दांडा मात्र मुळापासून मोडला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

नवा दांडा त्याच्या पिशवीत होता. असतोच. तो गुडघा टेकून बसला. डावा गुडघा, जो गेली दोन वर्षं कुरकुरत होता. तो नट सोडवत होता आणि डॉक्टर शेजारी उभे राहून कॅमेऱ्याला सांगत होते, “तर मित्रांनो, आता आपण एका छोट्या अडचणीत सापडलो आहोत.” नट निसटून रस्त्याच्या कडेला घरंगळला. बायकोने शोधून आणून दिला. तोवर कॅमेऱ्यात चाललं होतं की डोंगर आपल्याला संयम शिकवतो.

शेपटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षांत गिऱ्हाइकाला तो कधी उलटून बोलला नव्हता.

“डॉक्टर, तो कॅमेरा बंद करा आणि चालवायला शिका. वळणावर बघायचं असतं ते रस्त्याकडे. तुमच्या पायी माझं सगळं…”  बायकोसमोर काय सांगणार, माझं तळं?

डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला. मग हळूच म्हणाले, “काका, मला वळणांची भीती वाटते. घरी कुणाला माहीत नाही. तुम्ही मागे असता म्हणून मी येतो. तिसरी फेरी आहे माझी.”

 तो पुन्हा नटाकडे वळला. पण राग काही उतरला नाही, उलट आता तो काढायलाही जागा राहिली नाही. दांडा बसला, तार ताणली, गाडी उचलली. साडेदहा.

खिंडीत पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. मंडळी टेकाड उतरून येत होती. सगळ्यांच्या बुटांना लाल माती, सगळ्यांच्या तोंडी “काय तळं आहे!” खाली दरीत ढग जमायला लागले होते. म्होरक्याने दोघांकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली.

“अरे, वीस मिनिटं म्हणालो होतो,” शेपूट म्हणाला.

“काका, ढग बघा ना. पलीकडचा उतार ढगात नको. पुढच्या वेळी नक्की.”

पुढची वेळ नव्हतीच. म्होरक्याला ते लक्षात नव्हतं असं नाही, त्याने नुसतं सवयीने म्हटलं. आणि शेपूट, तुम्हाला राग येईल, पण तोही सवयीनेच साखळीच्या तेलाची बाटली काढायला वाकला.

बायकोने हेल्मेट काढलं आणि आरशाला अडकवलं.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्होरक्याला म्हणाली. “आम्ही वर जाऊन येतो.”

“काकू, तसं चालत नाही. शेवटची गाडी आल्याशिवाय आम्हाला पुढचा थांबा सोडता येत नाही.”

“मग थांबा की तिथे. हे येईपर्यंत कुणी हलत नाही म्हणता, म्हणजे यांना उशीर होतो कसा?”

म्होरक्याच्या हातातून शिट्टी सुटून गळ्यात लोंबली. शेपूट तेलाची बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. अठरा वर्षं. शिट्टी त्याच्या येण्यावर वाजायची, म्होरक्याच्या मर्जीवर नाही. तो ज्या दिवशी वर गेला असता त्या दिवशी सगळे खाली थांबले असते. पुटपुटले असते, पण थांबले असते. एवढं साधं गणित त्याला कधी सुटलं नव्हतं. त्याला एकदम स्वतःचाच संताप आला.

टेकाड निसरडं होतं. गुडघा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता. बायको पुढे, हा मागे. वर पोचले तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती.

तळं होतं. निळं नव्हतं, काळपट हिरवं होतं, आणि त्याने अठरा वर्षं मनात वाढवत नेलेल्या तळ्याच्या पाव हिश्शाचंही नव्हतं. बेट नव्हतं. झाड नव्हतं. बगळ्यांचा तर प्रश्नच नाही. पाण्यावर वारा फिरत होता आणि पलीकडच्या काठाला ढग लागला होता.

“झाड कुठंय हो?” बायकोने विचारलं.

 “मी वर कधी आलोच नाही गं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. पत्रकात लाल माती लिहिलंय. तुमचे बूट मी घासते. लाल माती कधी निघाली नाही त्यातून.”

“मग दरवर्षी विचारत का होतीस?” त्याचा आवाज चढला.

“म्हटलं, एखाद्या वर्षी लाज वाटून तरी वर जाल. तुम्ही बगळे बसवलेत.”

 तो तिच्या शेजारी ओल्या गवतावर बसला. ढग पाण्यावरून सरकत होता. तळ्याकडे बघावं तर नजर आपोआप उजवीकडे खाली गेली. पलीकडच्या उतारावर ताफा निघाला होता. एक, दोन, तीन… सहा. सातवी गाडी कुठे? सातवी पहिल्याच वळणाच्या तोंडाशी उभी होती, एकटी, म्हशीएवढी. डॉक्टर मागे वळून वर बघत होते.

तो उठायला गेला. बायकोने जाकिटाची बाही धरून खाली ओढली.

“बसा. त्यांचा दांडा मोडलाय का? नाही ना? मग थांबू दे.”

तो बसला. चडफडत बसला, हेही सांगायला हवं. एवढ्याशा तळ्यासाठी एवढी वर्षं, आणि ते बघायला मिळालं तर डोळे गाड्या मोजतायत. त्याने मान जबरदस्तीने वळवली आणि उरलेलं तळं पाहिलं. अर्धं, मग कडेचा तुकडा, मग दगड, मग काहीच नाही. सगळं पांढरं झाल्यावरही दोघं बसून राहिली. खालून कुठून तरी शिट्टी ऐकू आली. तो हलला नाही.

उतरून पहिल्या वळणापाशी आले तेव्हा डॉक्टरांनी हेल्मेटची काच वर केली. ते शेपटाच्या बुटांकडे बघत होते. त्यांचे स्वतःचे बूट स्वच्छ होते. तेही शिट्टीबरोबरच पोचले होते, आणि शिट्टी वाजल्यावर निमूट निघाले होते.

“मला नाहीच बघता आलं,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं बरं आहे काका. तुम्ही दर आठवड्याला बघत असाल.”

 मागे बसलेल्या बायकोचा हात त्याच्या खांद्यावर होता.

“एकदाच पाहिलंय,” तो म्हणाला. “चला, मी मागे आहे.”