काटे काढलेली तारली

आरे-वारेच्या प्रभावतीने गावच्या नळासाठी तहसीलदाराला घाम फोडला होता, पण लिस्बनमधल्या त्या म्हातारीपुढे तिचं काही चालेना. मुलगा महेंद्र तिथे नोकरीला. सुट्टीच्या दिवशी त्याने आईला पिवळ्या ट्राममधून शहर फिरवलं, खाडीसारखी रुंद नदी दाखवली आणि दुपारी एका गल्लीतल्या शेगडीपाशी आणलं. म्हातारी निखाऱ्यावर तारली भाजत होती. महेंद्रला बघताच तिने त्याचा गाल ओढला, मासा सोलून काटे काढले आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं.

प्रभावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. हे काम तिचं होतं. तिने काटे काढल्याशिवाय हा पोरगा कधी तारलीला शिवला नव्हता.

"हिला कोणी सांगितलं रे?"

"आये, पहिल्या वर्षी घशात काटा अडकलेला. तेव्हापासून काढून देते."

"मला नाही बोललास."

"बोललो असतो तर सुट्टीला आल्यावर तू माझं परतीचं विमानच अडवलं असतंस."

"हळद नाही, कोकम नाही. नुसतं मीठ."

तेवढ्यात म्हातारीने दुसरं ताट तिच्यापुढे ठेवलं. त्यातलेही काटे काढलेले होते. माहेरी काय नि सासरी काय, प्रभावतीसाठी आजवर कुणी मासा सोलला नव्हता. तिने घास घेतला. चव चांगली होती, आणि तेच तिला सोसेना.

तिने एक गरम तारली ओढली, बोटं भाजत असताना काटे काढले आणि ताट म्हातारीकडे सरकवलं.

"सांग तिला, यात काटा सापडला तर नाव बदलेन."