कोरी माती

“पोरीला काही सांगू नका आता. मातीवर काय लिवलेलं राहतंय का?”

काकू आत काकांशी बोलत होती. मी ओसरीवर चपला काढत होते. केदारखेड्याची बस लवकर पोचली होती आणि मी आल्याचं दोघांनाही कळलं नव्हतं.

“बाया मिळंनात तण निंदायला, मंग काय करणार?” काका म्हणाले.

“तवाच सांगायचं व्हतं. दोनदा मारून बसलात.”

मी जालन्याला एका प्रयोगशाळेत काम करते. शेतातल्या मातीत तणनाशक किती उरलंय ते मोजायचं. त्यासाठी आधी एक अशी माती लागते, जिच्यावर कधीच काही फवारलेलं नाही. तिला आम्ही कोरी माती म्हणतो. तिच्यात काही सापडता कामा नये, कारण बाकीच्या शेतांचे आकडे तिच्याशी ताडूनच खरे धरतात. ही कोरी माती मी काकांच्या विहिरीजवळच्या तुकड्यातून नेली होती. तिथं घरच्यापुरती वांगी आणि मेथी असते. “इथं औषधाचा थेंब न्हाई पडला,” काका म्हणाले होते. मी तसं लिहून सही केली होती.

यंत्राने त्या मातीत तणनाशक दाखवलं. पुन्हा तपासली, पुन्हा तेच. मी काचेची भांडी परत परत धुतली, हातमोजे बदलले, रसायनाच्या नव्या बाटल्या फोडल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हात स्वच्छ नसले की असंच होतं.” मी मान हलवली. मातीवर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. घरची होती ना. शेवटी मॅडमनी ताजी माती आणायला सांगितली, आणि या खेपेलाही कोरी आली नाही तर काम दुसऱ्याकडे देईन म्हणाल्या.

मी मुद्दाम खोकले. काका हसत बाहेर आले.

“आल्या का आमच्या मॅडम? जालन्यातली माती संपली म्हणा की.”

खुरपं घेऊन ते पुढे निघाले. मी मागे. वांग्याच्या ओळींमध्ये हराळीची एक काडी नव्हती. आजवर मला ते काकूचे कष्ट वाटायचे. काकांनी वरचा थर बाजूला सारला आणि खालची माती ओंजळीत घेतली.

“ही ने. एकदम प्युअर. धर पिशवी.”

पिशवी माझ्या हातातच होती, घडी केलेली. या घरात मी हो-नाहीपलीकडे फारसं बोलत नाही. इंग्रजी शाळेतली, तिला आपल्यात बोलता येत नाही, असं सगळे समजतात, आणि मला ते सोयीचं पडतं. काका ओंजळ पुढे करून थांबले होते.

“काका,” मी म्हणाले, “इथं तुम्ही दोनदा तणनाशक मारलंय. ही माती मी नेणार नाही. आणि आधीची कुठली होती, मला काय सांगून दिली होती, ते उद्या मॅडमना सगळ्यांसमोर सांगणार आहे.”