पहिलं पाणी

सत्तरच्या दशकाच्या शेवटीशेवटी नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही दोघी जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करत होतो. विषयही एकच, कॉलरा. मी नागपुरातल्याच महाल भागातली, शाळेपासून पहिला नंबर न सोडलेली. ती काटोलकडच्या एका खेड्यातून आलेली आणि धंतोलीत मामाकडे राहणारी. ती बोलायला लागली की बाहेरून आलेले कडक परीक्षकसुद्धा हसायला लागत. मला तिचा हेवा वाटायचा. यासाठी सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. तिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं.

काम काय होतं ते आधी सांगते. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही. तो बाहेरच चिकटून बसतो आणि एक प्रोटीन सोडतो. त्या प्रोटीनचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या अंगावरची ठरावीक जागा घट्ट धरतो, मग दुसरा आत सरकतो. आत गेलेला तो एवढासा तुकडा पेशीला असं काही करायला लावतो, की ती पाणी आणि मीठ बाहेर ओतत सुटते. माणूस वाळून मरतो आणि जंतू मात्र उंबऱ्याबाहेरच. हे सगळं आमच्या आधी इतरांनी शोधलेलं होतं. आमच्याकडे आलेल्या जंतूंचं प्रोटीन किती जोरकस आहे, एवढंच आम्हाला पाहायचं होतं.

त्यासाठी जंतू पोषक रसात वाढवायचे आणि तो रस एका जाड चकतीतून गाळायचा. जंतू वर अडकतात, प्रोटीन खाली उतरतं. मग ससा बेशुद्ध करून त्याच्या आतड्याला थोड्या थोड्या अंतरावर दोऱ्याने गाठी मारायच्या, प्रत्येक कप्प्यात ते गाळलेलं पाणी टोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं. प्रोटीन असेल तर कप्पा टच्च फुगतो. नसेल तर चपटा राहतो.

तिचे फुगायचे. माझे चपटे.

आमच्या मार्गदर्शक मॅडम कमी बोलायच्या, पण तिचा ट्रे हातात घेऊन शेजारच्या खोलीतल्या लोकांना दाखवायला न्यायच्या. माझा ट्रे झाकून ठेवायच्या. तशात त्यांनी सांगितलं की कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेत काही महिने शिकायला जायची एक जागा आहे, आणि जिचे कप्पे दर वेळी फुगतील ती जाईल. मला ती जागा हवी होती. आमच्या घरी तेव्हा मला पाहायला लोक येत होते, पोहे खाऊन 'नंतर कळवतो' म्हणत होते आणि कळवत नव्हते. महालातल्या त्या गल्लीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

आधी मी म्हटलं, माझे जंतू मेलेत. मॅडमनी तिच्याच कुपीतले जंतू दिले. मग मी म्हटलं, तिला ससे चांगले मिळतात. मॅडमनी शांतपणे एकच ससा घ्यायला लावला. एक कप्पा तिचा, एक माझा, पुन्हा तिचा, पुन्हा माझा. सकाळी पोट उघडलं तर एक फुगलेला, एक चपटा, एक फुगलेला, एक चपटा. ससा एक, आतडं एक, जंतूही तेच. आता रुसायला ससासुद्धा उरला नाही. मी हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि नळाखाली रडले.

त्याच आठवड्यात ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी रस गाळत होते. चकतीतून उतरलेली पहिली धार मी काळजीने वेगळ्या नळीत धरत होते. मी तीच धार सशाला टोचत असे. पहिलं ते सगळ्यात शुद्ध, ही माझी समजूत, आणि आमच्या घरात थेंब वाया घालवणं म्हणजे पाप. तिने थोडा वेळ पाहिलं.

"ते पयलं पानी काहून ठेवून राहिली वं?" ती म्हणाली. "नवा माठ आधी सोताच पानी पेते. ह्या चकतीलेबी पयले पिऊ दे. मंग घे तुले पायजे तेवढं."

खरंच होतं. कोरडी चकती सुरुवातीला प्रोटीन स्वतःच धरून ठेवत होती. तिचं पोट भरलं की मग बाकीचं खाली सोडत होती. पहिली धार म्हणजे नुसतं पाणी. माझी मैत्रीण ही धार मोरीत ओतून द्यायची, आणि एवढ्यावरच तिचे कप्पे फुगत होते. तिने ते लपवून ठेवलं असतं तर मला तिच्यावर निदान रीतसर चिडता आलं असतं. तेही सुख तिने ठेवलं नाही.

माझे कप्पे फुगले. मॅडमनी माझी पाठ थोपटली आणि कलकत्त्याला तिचं नाव कळवलं.

मग उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. अमरावतीचं स्थळ, घरदार चांगलं, मुलगा पाहताक्षणी हो म्हणालेला. पेढे वाटता वाटता तिने मला सांगितलं की कलकत्त्याला आता तूच जा. बोहारणीला जुनं लुगडं द्यावं तितक्या सहज. मला दोन्ही गोष्टींचा हेवा वाटला, तिच्या लग्नाचा आणि ती जागा सोडून देता येण्याचाही. लग्नात मी जेवले, फोटोत उभी राहिले, आणि पुढच्या महिन्यात हावड्याच्या गाडीत बसले.

तिथल्या वयस्क सरांना मॅडमनी माठाची गोष्ट आधीच सांगितलेली होती. त्यांनी सगळ्यांसमोर मला चकतीला आधी कसं पाजायचं ते करून दाखवायला लावलं. मी दाखवलं. ही युक्ती तुमचीच ना, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. मैत्रिणीची, मी म्हटलं, तिचं लग्न झालं. ते हळहळले आणि म्हणाले की तिला पाठवायला हवं होतं. एवढ्या लांब येऊनही मी तिच्या शेजारचा चपटा कप्पाच राहिले होते.

परत आल्यावर मी अमरावतीला तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मिरवायला गेले. तिने ओसरीतल्या माठातलं पाणी दिलं आणि समोर बसली. मी कलकत्त्याची प्रयोगशाळा, तिथली यंत्रं, तिथली माणसं, सगळं सांगितलं. सरांचं शेवटचं वाक्य तेवढं गाळलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. एकदाही हसली नाही.

"मी काई खुशीनं नाई सोडलं वं," ती मधेच म्हणाली. "इथं सांगून पायलं, कोनी आयकलं नाई. तू गेली त्या दिवशी माया घास गयाखाली उतरला नाई. तुया हेवा वाटते मले."

तिच्या तोंडून हे ऐकायला मी काहीही दिलं असतं, अशी माझी दोन वर्षं गेली होती. आता ते ऐकलं आणि हातातलं पाणी मला पिववेना. सरांचं वाक्य मी तेव्हा तिला सांगितलं, जसंच्या तसं. मग तिने विचारलं की तो तुकडा पेशीत गेल्यावर आत नेमकं काय करतो, ते तिकडे कोणी समजावलं का. मी सांगायला सुरुवात केली, तोच आतून सासूबाईंनी हाक मारली.

"थांब," ती उठत म्हणाली. "मी आल्याबिगर पुढचं सांगू नोको."

मी थांबले. आत स्टोव्ह पेटला, भांडी वाजली, कोणीतरी तिला आणखी एक काम सांगितलं. माझी बस निघायची वेळ झाली तरी ती बाहेर आली नाही.