गेटवरून घेतलेलं नाव

संत्र्याचा माल चढवायचं माझं यार्ड पांढुर्ण्यात आहे. तिथले पत्रे, वजनकाटा, क्रेट, सगळं मी घासाघीस करून उभं केलं. वॉकीटॉकी घेताना मात्र हात आखडला नाही. नागपूरचा दुकानदार परवाना लागणारे दांडगे सेट बिनाकागदाचे, स्वस्तात द्यायला बसला होता. मी म्हटलं, "चोरून बोलायची मले सवय नाही." कमी ताकदीचे, परवाना न लागणारे सेट घेतले. हे मुद्दाम लिहितो. मी पैशासाठी माणूस घालवला असं लोक माझ्या पाठीमागे म्हणतात. समोर येऊन कोणी म्हणत नाही.

गेटवर माझी मोठी बहीण बसायची. भाऊजी मागच्या ओट्यावर, जिथं ट्रक लागतात. दोघांना रामाकोन्याहून मीच आणलं होतं. माझ्या घरून ताईकडे गेलेला डबा कधी रिकामा परत आला नाही. काही नाही तर दोन लिंबं तरी त्यात असायची.

संत्री निवडायच्या मशीनपुढे हाक ऐकू जात नाही, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला सेट. एकदा ताई गेटवरून बोलली, "अहो, बाजूला व्हा!" तिघं जण एकदम बाजूला झाले आणि क्रेटची अख्खी थप्पी आडवी झाली. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी नियम सांगितला. आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्यायचं. नाव ऐकणाऱ्यानं हातचं काम सोडून उभं राहायचं. मग निरोप.

"काऊन रे, आता चारचौघात नवऱ्याचं नाव घेऊ काय मी?"

"घ्याच लागते."

"पोरीचे बाबा म्हटलं तर?"

"इथं सारेच कोणाचे ना कोणाचे बाबा आहेत!"

लोक हसले. भाऊजीही हसले. "घेऊन पाय एकदा," ते म्हणाले, "तेवढ्यानं मी काही मरून नाही राहिलो." ताई नाही हसली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या आईनं तिला सांगितलेलं. त्यानंतर तिनं स्वतःची वाट काढली. भाऊजींना काही सांगायचं असलं की काट्यावरच्या माणसाला म्हणायची, "त्याईले सांगा." तो नाव घेऊन सांगायचा. हे चालू आहे हे मला ठाऊक होतं. काम अडत नव्हतं, म्हणून मी बोललो नाही.

त्या दुपारी काट्यावरचा माणूस जेवायला गेला होता. भाऊजी ओट्याखाली, ट्रककडे पाठ करून, सांडलेली संत्री वेचत होते. ड्रायव्हर बाहेरचा. इशारा मिळायच्या आधीच त्यानं ट्रक मागे घ्यायला सुरुवात केली. गेटवरून ताईला ते दिसलं. तिनं बटण दाबलं. माझा सेट माझ्या हातातच होता. त्यातून आधी फक्त तिचा श्वास आला. मग भाऊजींचं नाव. तिच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

भाऊजी उभे राहिले. सेट कानाला लावला आणि निरोपाची वाट पाहू लागले. नियम तसाच होता. निरोप आला नाही. नावापुढे ताईला शब्दच फुटला नाही. मी ओरडत धावलो, पण मशीन चालू होती.

ट्रक आणि ओट्याच्या मध्ये ते सापडले. दवाखान्यात नेताना, नागपूरला पोचायच्या आधीच ते गेले.

तेराव्यापर्यंत ताई माझ्याशी बोलली नाही. बायांना एवढंच म्हणाली, "माह्याकडून नाव घेववलं त्यानं." तेव्हापासून हे माझ्या छातीत रुतून बसलं आहे. ट्रक काय मी मागे घेतला होता? नावापुढे एक शब्द बोलायचा होता, तो काय मी अडवला होता? सौंसरच्या बाजारात भेटलेल्या नातेवाइकांशी मी यावरून भांडलो आहे.

राखीला ती आली नाही. मागच्या महिन्यात मीच रामाकोन्याला गेलो, पिशवीभर संत्री घेऊन. ती सुपात गहू निवडत होती. मग म्हणाली, "आता तिथं नंबर लावले म्हणते?"

"हो. गेट एक, काटा दोन."

"अन् ओटा?"

"तीन."

तिचा हात सुपात थांबला. "तीन मले म्हणता आलं असतं, बाबू."

"मग तेव्हाच सांगायचं होतं! मी काय नाही म्हटलं असतं?" माझा आवाज चढला होता.

"तुह्यापुढे बोलते कोण?"

व्यापाऱ्यांची तोंडं बंद करत मी इथवर आलो. तिथं मात्र मी चप्पल शोधू लागलो. ताईनं आत जाऊन पिशवी रिकामी केली, झटकली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी रस्त्यावर येऊन ती उघडून पाहिली. आत काही नव्हतं.