मानाचा नॅपकिन

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घराला एवढं एक संकट पुरेसं होतं.

त्यात भाचीचं लग्न ठरलं आणि ताईने आहेराचे टॉवेल आणायचं काम माझ्यावर सोपवलं. "माळशिरसची माणसं मानाला जपणारी आहेत. व्याह्यांच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी. त्यात चूक नको हं, भाऊ!"

चूक? आणि माझ्याकडून? (जन्मभर मी दुसऱ्यांच्याच चुका काढल्या!)

शहरात टॉवेल विणणारा व्यंकटेश माझा जुना विद्यार्थी. त्याच्या कारखान्यात गेलो आणि मागांच्या खडखडाटात ओरडलो, "नॅपकिन कर! त्यावर 'शुभविवाह' विण!"

"सर, आहेराला टॉवेल लागतंय की."

"टॉवेल न्हाणीघरातला. चारचौघांत द्यायचा तो नॅपकिन. फरक दर्जाचा असतो!"

"सर, फरक लांबीचा..."

"तुला इंग्रजी कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच की, सर," असं म्हणून त्याने मुकाट्याने ऑर्डर लिहून घेतली.

लग्नात गुरुजींनी व्याह्यांना पुढे बोलावलं. सहा फूट उंची, खांदे दाराएवढे! मी नॅपकिनचं खोकं उघडलं. आतून हातरुमालाचे थोरले भाऊ निघाले!

ताईचे डोळे भरून आले. मला फार लाज वाटली. पण माघार घेईल तो मास्तर कसला! टाचा उंचावून मी एक नॅपकिन व्याह्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला. डावा उघडाच राहिला. डाव्यावर दुसरा ठेवला, तर उजवा घसरला. तो उचलायला वाकलो, तर डावाही खाली!

"मास्तर, ह्यो टावेल लई लवकर संपला की!" व्याही गरजले.

"हा नॅपकिन आहे," मी (तशाही अवस्थेत!) त्यांची चूक सुधारली.

तेवढ्यात गर्दीतून व्यंकटेश भलं मोठं गाठोडं घेऊन धावत आला. आत लांबलचक टॉवेल! "सर, वर्गातसुद्धा तुम्ही फळ्यावरचं तुमचं चुकलेलं खोडू द्यायचा नाहीत. म्हणून हे गुपचूप विणून ठेवले."

व्याह्यांच्या दोन्ही खांद्यांवरून टॉवेल ऐटीत लोंबला. ताईने सुटकेचा श्वास सोडला. व्याही खदखदून हसले, खाली पडलेला नॅपकिन त्यांनी झटकला आणि म्हणाले, "या मास्तर, तुमचाबी मान झाला पायजे की!"

त्यांनी तो माझ्या खांद्यांवर घातला. आणि काय सांगू, अगदी मापात बसला!